विश्वाची सुरुवात, देव आणि महास्फोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खगोलशास्त्रावरच्या व्याख्यानांनंतर हमखास येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही आस्तिकांचे आहेत, काही नास्तिकांचे, आणि बरेचसे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले. सगळी उत्तरं सगळ्यांना आवडतील अशी अपेक्षा नाही.

महास्फोट नेमका कुठे झाला?

सगळीकडे. आधी रिकामी जागा होती, त्यात मधोमध बॉम्ब फुटला आणि तुकडे उडाले, हे चित्र डोक्यातून काढून टाकायला हवं. विस्तारली ती जागाच, त्यामुळे तिला मध्य नाही. आपण बसलो आहोत ती जागाही त्या विस्ताराचाच भाग आहे.

इथेच आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचे निम्मे वाद त्यावरून होतात. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त आणि अतिशय दाट होतं, आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत थंड होत आलं आहे, एवढंच हा सिद्धांत खात्रीने सांगतो. ती तप्त अवस्था कुठून आली, ही त्याच्या पुढची पायरी. पुराव्यांचा ढीग आहे तो पहिल्या भागासाठी, भांडणं होतात ती दुसऱ्यावरून.

पण तेव्हा तिथे पाहायला कोण होतं?

कोणीही नाही. पण त्या काळचा प्रकाश अजून शिल्लक आहे आणि तो मोजता येतो.

विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना त्याचं तापमान ३००० केल्विनच्या आसपास उतरलं. इलेक्ट्रॉन आणि केंद्रकं एकत्र येऊन अणू बनले आणि तोवर अडखळत असलेला प्रकाश मोकळा झाला. विश्व ताणलं गेलं तसा तोही ताणला गेला आणि आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व दिशांनी आपल्यापर्यंत येतो. त्याचं तापमान २.७२५ केल्विन, म्हणजे उणे २७० अंश सेल्सियसच्या थोडं खाली. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हरमन यांनी १९४८ मध्येच असं प्रारण असायला हवं आणि ते साधारण ५ केल्विनचं असेल, असं गणित मांडलं होतं. तिकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १९६४-६५ मध्ये न्यू जर्सीत आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन एका अँटेनातली खरखर घालवायच्या मागे लागले होते. अँटेनात घरटं केलेली कबुतरं हाकलली, त्यांची विष्ठाही साफ केली. खरखर तशीच राहिली. ती विश्वाच्या बालपणाची होती, आणि तिच्यासाठी दोघांना १९७८ चं नोबेल मिळालं.

१९८९ मध्ये सोडलेल्या ‘कोबे’ उपग्रहाने या प्रारणाचा वर्णपट काढला तेव्हा तो सिद्धांताच्या वक्ररेषेवर तंतोतंत बसला. पुढे त्यात लाखात एक भाग इतके बारीक चढउतार सापडले. याच चढउतारांतून नंतर दीर्घिका तयार झाल्या. शिवाय हेलियमचं प्रमाण आहे. पहिल्या काही मिनिटांतल्या अणुभट्टीचं गणित केलं तर सामान्य पदार्थाच्या वस्तुमानातला जवळपास पाव भाग हेलियम हवा. जुन्यात जुन्या वायूत तो तेवढाच आढळतो.

ही कल्पना एका पाद्र्याने मांडली, हे खरं?

खरं. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे. पहिल्या महायुद्धात सैनिक होते, १९२३ मध्ये कॅथलिक धर्मगुरू झाले, मग केंब्रिजला आर्थर एडिंग्टन यांच्याकडे शिकले. १९२७ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरणशील विश्वाचं गणित मांडलं आणि प्रसरणाचा वेगही काढला, एडविन हबलच्या प्रसिद्ध शोधनिबंधाच्या दोन वर्षं आधी. ते छापलं गेलं फारसं कोणी न वाचणाऱ्या, फ्रेंच भाषेतल्या एका बेल्जियन नियतकालिकात. आइन्स्टाइन भेटले तेव्हा म्हणाले, गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्र भयंकर आहे. पुढे आइन्स्टाइनना मत बदलावं लागलं. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदान घेऊन दीर्घिका जितकी दूर तितक्या वेगाने ती लांब जाते, या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावं अशी शिफारस केली.

१९३१ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये छोटंसं टिपण लिहून सगळं विश्व एका आद्य अणूपासून सुरू झालं असावं, असं सुचवलं. त्या टिपणाच्या मसुद्यात शेवटी देवाचा उल्लेख करणारा परिच्छेद होता. छापायला देण्याआधी लमेत्र यांनी तो खोडला.

तो खोडलेला परिच्छेद मला या सगळ्या प्रकरणात सर्वात महत्त्वाचा वाटतो. कारण पुढे २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीसमोर भाषण करताना आधुनिक विज्ञान बायबलमधल्या ‘प्रकाश होवो’ या आद्यक्षणाचीच साक्ष देत असल्याचं सांगितलं. आपल्या धर्मप्रमुखाने आपल्याच सिद्धांताला आशीर्वाद दिला, तर धर्मगुरू खूश व्हायला हवा. लमेत्र अस्वस्थ झाले. हा सिद्धांत चुकीचाही ठरू शकतो, आणि उद्या तसा ठरला तर श्रद्धेचं काय करायचं, हा प्रश्न त्यांच्यासाठी खरा होता. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांचं अधिवेशन भरणार होतं. त्याआधी लमेत्र यांनी व्हॅटिकन वेधशाळेच्या प्रमुखांच्या मदतीने पोपपर्यंत आपलं म्हणणं पोचवलं. सप्टेंबर १९५२ च्या भाषणात पोपनी तो दावा पुन्हा केला नाही.

जून १९६६ मध्ये लमेत्र वारले. त्याआधी थोडे दिवस, रुग्णशय्येवर असताना, सूक्ष्मलहरी प्रारण सापडल्याची बातमी त्यांना कळली होती.

मग नास्तिक शास्त्रज्ञ या सिद्धांताच्या विरोधात होते का?

काही होते. सगळ्यात ठळक नाव ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. १९४८ मध्ये त्यांनी, आणि वेगळ्या वाटेने हर्मन बाँडी व थॉमस गोल्ड यांनी, स्थिर-स्थिती विश्वाचा सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावतं हे मान्य, पण ते नेहमीच असं होतं. पसरताना जी विरळता येते ती भरून काढायला नवं द्रव्य सतत थोडं थोडं तयार होतं. ना आदी, ना अंत. ‘बिग बँग’ हे नावही हॉइल यांनीच मार्च १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर पहिल्यांदा वापरलं. विश्वाला सुरुवात आहे म्हटलं की मागच्या दाराने देव आत येतो, ही शंका त्यांना होती आणि ते ती लपवत नसत.

इथे मराठी माणसाचा थेट संबंध येतो. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले जयंत नारळीकर हे हॉइल यांचे शिष्य आणि नंतर सहकारी. १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी अर्ध-स्थिर-स्थिती विश्वाचं सुधारित प्रारूप मांडलं. त्यात विश्व आकुंचन-प्रसरणाच्या आवर्तनांतून जातं आणि द्रव्यनिर्मिती एकाच महास्फोटात न होता अनेक छोट्या घटनांतून होते. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. सूक्ष्मलहरी प्रारणाचं स्पष्टीकरण देण्यासाठी त्यात धातूच्या सूक्ष्म तंतूंची धूळ गृहीत धरावी लागते, आणि तपशिलात ते महास्फोटाच्या प्रारूपाइतकं नेटकं जुळत नाही. नारळीकर सर मात्र मे २०२५ मध्ये जाईपर्यंत प्रस्थापित मताकडे संशयाने पाहत राहिले.

‘नारळीकरसुद्धा महास्फोट मानत नव्हते’ हे वाक्य आता सर्रास वापरलं जातं, बहुधा पुराणातलं काहीतरी खरं ठरवायला. हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांचा आक्षेप निरीक्षणांवर आणि गणितावर होता. फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेणाऱ्या माणसाने एक सिद्धांत नाकारला तो पोथी खरी ठरावी म्हणून नव्हे.

आता हिशेब करा. सुरुवात असलेलं विश्व मांडलं धर्मगुरूने, अनादी विश्वाची बाजू लढवली नास्तिकाने, आणि निकाल लावला कबुतरांनी घाण केलेल्या अँटेनाने. ‘विज्ञान विरुद्ध धर्म’ या पाटीखाली हे बसवणं कठीण आहे.

नासदीय सूक्तात महास्फोट सांगितला आहे ना?

नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं हे १२९ वं सूक्त, अवघ्या सात ऋचांचं. दूरदर्शनवरच्या एका जुन्या मालिकेच्या शीर्षकगीतामुळे ते घराघरांत पोचलं. ‘नासदासीन्नो सदासीत्तदानीम्’, तेव्हा असत् नव्हतं आणि सत्ही नव्हतं, इथून ते सुरू होतं. काळोखाने झाकलेला काळोख, तपाच्या सामर्थ्याने जन्मलेलं ते एक, मग काम हे मनाचं पहिलं बीज. यात तापमान नाही, प्रसरण नाही. त्याची गरजही नाही.

सूक्ताचं खरं बळ शेवटी आहे. देवसुद्धा या निर्मितीनंतरचे, मग ही कुठून झाली हे कोणाला ठाऊक? आणि परम आकाशात जो याचा अध्यक्ष आहे, तो जाणतो, ‘यदि वा न वेद’, किंवा कदाचित तोही जाणत नाही. तीन हजार वर्षांपूर्वीचा कवी विश्वाच्या अध्यक्षाच्या ज्ञानावर शंका घेतो आहे. हे सोडून आपण त्यात हबलचा नियम शोधत बसतो, याचं वाईट वाटतं.

निकाल लागल्यावर ‘मी तर आधीच म्हटलं होतं’ म्हणणारे एक मामा प्रत्येक घरात असतात. ग्रंथांत विज्ञान शोधणारे त्यांच्यासारखेच. सूक्ष्मलहरी प्रारण १९६५ च्या आधी कोणत्या ग्रंथाच्या आधारे कोणी शोधायला गेलं होतं, असं विचारून पाहा.

ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी. हा योगायोग कसा?

योगायोगच. आणि हिशेब पुढे नेला तर तोही उरत नाही.

कृत, त्रेता, द्वापर, कली मिळून एक महायुग ४३ लाख २० हजार वर्षांचं. अशी हजार महायुगं म्हणजे एक कल्प, ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षं. पण आपण त्या दिवसात कुठे आहोत, हे तुम्ही दर पूजेत ऐकता. गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा ‘ब्रह्मणो द्वितीये परार्धे, श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे प्रथमचरणे’ असा पत्ता येतो. वैवस्वत हा चौदापैकी सातवा मनू, त्यातलं अठ्ठाविसावं महायुग चालू. आकडे घालून बेरीज केली तर चालू कल्प सुरू होऊन साधारण १९७ कोटी ३० लाख वर्षं झाली. म्हणजे ब्रह्मदेवाच्या दिवसाची तुलना पृथ्वीच्या वयाशी करायचीच, तर ती १९७ आणि ४५४ अशी करावी लागते. विश्वाच्या १३८० कोटींशीही काही जुळत नाही. द्वितीय परार्ध म्हणजे ब्रह्मदेवाची ५० वर्षं उलटली. तो आकडा १५५ लाख कोटी वर्षांच्या वर जातो.

शिवाय या आकड्यांवर आपल्याकडेही एकमत नव्हतं. आर्यभटाच्या कल्पात हजार नव्हे, १००८ महायुगं आहेत, आणि चारही युगं सारख्या लांबीची. ब्रह्मगुप्ताने त्यावरून त्याला चांगलंच फटकारलं. हे आकडे बसवले गेले ते ग्रहांच्या फेऱ्या पूर्णांकात याव्यात म्हणून. ज्योतिर्गणिताची ती एक हुशार सोय होती.

अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांचं वाक्य नेहमी पुढे केलं जातं की हिंदू धर्मातले कालखंडच आधुनिक विश्वशास्त्राशी जुळतात. त्याच वाक्यात ‘अर्थातच योगायोगाने’ असंही ते म्हणाले होते. तेवढे शब्द फॉरवर्ड होताना गळतात.

तरीही एक श्रेय द्यायलाच हवं. १६५० मध्ये आर्चबिशप जेम्स अशर बायबलवरून हिशेब करून जग इसवी सनपूर्व ४००४ मध्ये निर्माण झालं असं सांगत होते. त्या तुलनेत अब्जावधी वर्षांची कल्पना करायला न घाबरणारी परंपरा आपल्याकडे होती. पण कल्पनेची झेप वेगळी आणि मोजमाप वेगळं.

मग संकल्प म्हणताना खोटं बोलल्यासारखं वाटतं, त्याचं काय?

वाटून घेऊ नका. त्याच संकल्पात तुम्ही ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ही म्हणता आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्यांचे गुरुजी तिथला देश-प्रदेश घालून घेतात. तो संकल्प आहे, शोधनिबंध नव्हे.

सर्नमध्ये नटराजाची मूर्ती आहे. म्हणजे त्यांनी मान्य केलं ना?

जिनिव्हाजवळच्या या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत मूर्ती आहे, सुमारे दोन मीटर उंचीची. ती भारत सरकारने भेट दिली आणि १८ जून २००४ रोजी तिचं अनावरण झालं. भारत आणि सर्न यांच्या जुन्या सहकार्याची ती खूण. शिवाच्या तांडवाशी कणांच्या नृत्याची सांगड घालणारा मजकूर शेजारी आहे, आणि रूपक म्हणून ते सुंदरच आहे. भेट स्वीकारणं म्हणजे सिद्धांत स्वीकारणं नव्हे. २०१२ मध्ये वर्तमानपत्रांनी गाजवलेल्या ‘देवकणा’चाही, म्हणजे हिग्ज बोसॉन या कणाचाही, देवाशी संबंध नाही. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते पीटर हिग्ज स्वतः नास्तिक होते आणि त्यांना हे टोपणनाव आवडत नसे.

निदान हिंदू धर्म तरी ‘देवाने विश्व निर्माण केलं’ असं मानतो की नाही?

कोणता हिंदू धर्म? हा प्रश्न टाळायला म्हणून विचारत नाही. या एका मुद्द्यावर भारतीय दर्शनांत हजार-दीड हजार वर्षं कडाक्याचं भांडण झालं आहे, आणि शाळेत ते कोणी शिकवत नाही.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे, ईश्वराच्या बाजूने. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीसाठी एकामागून एक युक्तिवाद रचले. त्यातला मुख्य असा: जग हे कार्य आहे, घट जसा कुंभाराशिवाय होत नाही तसं कार्य कर्त्याशिवाय होत नाही, म्हणून जगाला कर्ता आहे. पण या ईश्वरानेही जग शून्यातून केलेलं नाही. परमाणू आधीपासून आहेतच, तो त्यांची जुळणी करतो.

मीमांसक वेद शिरोधार्य मानणारे, म्हणजे दर्शनांच्या परिभाषेत पक्के आस्तिक. पण कुमारिल भट्ट विचारतात, सृष्टीआधी प्रजापतीला शरीर होतं का? नसेल तर त्याला इच्छा कशी झाली? असेल तर ते कोणी केलं? आणि दयाळू असेल तर इतकं दुःखाने भरलेलं जग का केलं? त्यांच्या मते जग कधी सुरूच झालं नाही, ते असंच चालत आलं आहे. अभिजात सांख्य तर प्रकृती आणि पुरुष एवढ्यावर भागवतं, ईश्वर लागतच नाही.

जैन मतानुसार विश्व अनादी-अनंत, कोणी केलेलं नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले आचार्य जिनसेन यांनी नवव्या शतकात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेची जी उलटतपासणी केली आहे, ती आजच्या कोणत्याही नास्तिकाच्या वक्तव्यापेक्षा धारदार आहे. देवाने जग केलं तर त्याआधी तो कुठे होता? कशापासून केलं? सामग्री आधीच असेल तर ती कोणी केली? तो परिपूर्ण असेल तर त्याला जग करायची इच्छाच का व्हावी?

बुद्धांनी वेगळा रस्ता धरला. जग शाश्वत आहे की अशाश्वत, असं मालुंक्यपुत्ताने विचारल्यावर त्यांनी उत्तर द्यायचं नाकारलं. विषारी बाण लागलेल्या माणसाने बाण मारणाऱ्याचं गोत्र विचारत बसू नये, आधी बाण काढून घ्यावा.

आणि ज्ञानदेव? अमृतानुभवात ते जगाला चैतन्याचा विलास म्हणतात. तिथे सुरुवातीचा दिवस शोधायचा प्रश्नच येत नाही.

तेव्हा भारतीय आस्तिकाने महास्फोटाला विरोध करायचं कारण नाही, आणि तो आपल्या धर्माचा विजय म्हणून मिरवायचंही नाही. उद्या नारळीकरांचं अनादी विश्व खरं ठरलं असतं तर मीमांसकांचे पाईक पेढे वाटायला निघाले असते.

बायबल आणि कुराण यांचं काय?

तिथेही आत मतभेद आहेत. सहा दिवसांची निर्मिती अक्षरशः खरी मानणारे मुख्यतः अमेरिकेतले काही प्रोटेस्टंट पंथ. संत ऑगस्टीन यांनी चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकालातच काळ हाही जगाबरोबरच निर्माण झाला, तेव्हा ‘त्याआधी’ला अर्थ नाही, असं म्हणून ठेवलं आहे. कुराणातल्या ५१:४७ या आयतीत आज काही जण प्रसरणशील विश्व वाचतात. इथेही तोच मामा आहे, कारण हा अर्थ लोकप्रिय झाला तो हबलनंतर.

मराठीत बायबलची सृष्टिकथा पाहायची असेल तर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण आहे. १६१६ मध्ये गोव्यात राचोल इथे छापलं गेलेलं. देवाने सृष्टी कशी केली हे त्यात चक्क ओव्यांत आहे.

प्रत्येक गोष्टीला कारण असतं. मग विश्वाला कर्ता नको?

उदयनाचार्यांच्या घट-कुंभार युक्तिवादासारखाच युक्तिवाद अरबी जगात अल-गझाली यांनी आपल्या पद्धतीने मांडला, आणि अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेग १९७९ पासून तोच महास्फोटाच्या आधाराने मांडत आले आहेत: ज्याला सुरुवात असते त्याला कारण असतं, विश्वाला सुरुवात आहे, म्हणून विश्वाला कारण आहे.

दोन ठिकाणी तो अडतो. कार्यकारणाचा नियम आपण विश्वाच्या आतल्या वस्तूंवरून शिकलो, तो संपूर्ण विश्वाला लावता येतो का, हे सिद्ध झालेलं नाही. दुसरं, ‘विश्वाला सुरुवात आहे’ हे विधान महास्फोट सिद्धांताने अजून सिद्ध केलेलं नाही, वर म्हटलं तसं. आणि समजा, दोन्ही मान्य केलं. तरी निघतं ते ‘एक कारण’. ते कारण दयाळू आहे, नवसाला पावतं, एकादशीला प्रसन्न होतं, हे त्यातून निघत नाही.

आणि महास्फोटाच्या आधी काय होतं?

सामान्य सापेक्षतेची, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताची, समीकरणं मागे मागे चालवली की घनता अनंत होते. १९७० मध्ये स्टीफन हॉकिंग आणि रॉजर पेनरोज यांनी हे टाळता येत नाही असं दाखवलं. त्यामागे कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांचं १९५५ चं समीकरण आहे. पण ‘अनंत’ आलं म्हणजे निसर्ग तिथे सुरू झाला असं नव्हे, आपलं समीकरण तिथे संपलं. तिथे पुंजभौतिकी (अणू आणि त्याहून सूक्ष्म जगाचे नियम) आणि गुरुत्वाकर्षण एकत्र हाताळणारा सिद्धांत लागतो, आणि सर्वमान्य असा एकही अजून नाही.

उमेदवार आहेत. हॉकिंग आणि जेम्स हार्टल यांच्या १९८३ च्या प्रारूपात काळाला कडाच नाही, त्यामुळे ‘आधी’ विचारणं म्हणजे उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय आहे असं विचारणं. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर हे पुंज-गुरुत्वाच्या लूप सिद्धांताचे एक प्रमुख शिल्पकार. २००६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या गणितात घनता अनंतापर्यंत न जाता एका मर्यादेला अडते आणि विश्व उसळी घेतं. म्हणजे आपल्या प्रसरणाआधी आकुंचन पावणारं विश्व होतं. पेनरोज यांचं आवर्ती विश्व आणखी निराळं. यांतलं काहीही निरीक्षणांनी पक्कं झालेलं नाही, तेव्हा ‘विज्ञानाने आवर्ती सृष्टी मान्य केली’ असा मेसेज पाठवायची घाई नको.

विश्व शून्यातून आपोआप आलं, असंही शास्त्रज्ञ म्हणतात. हे पटत नाही.

न पटण्यात गैर काही नाही. अलेक्झांडर विलेंकिन यांनी १९८२ मध्ये विश्व पुंजनियमांनी ‘काहीच नाही’मधून उद्भवू शकतं, असं दाखवलं. पण त्या ‘काहीच नाही’ला पुंजनियम लागू होतात. नियम कुठून आले, हा प्रश्न शिल्लक राहतो. काही लोकप्रिय विज्ञानलेखक हे झाकून ठेवतात आणि तत्त्वज्ञांशी उगाच भांडण ओढवून घेतात. आस्तिकांच्या देवाबद्दल ‘तो कुठून आला’ असं विचारणाऱ्याने आपल्या नियमांबद्दलही तेच ऐकून घ्यायची तयारी ठेवावी.

निसर्गाचे स्थिरांक (बलांची ताकद, कणांचं वस्तुमान असे ठरलेले आकडे) जीवसृष्टीसाठी इतके नेमके कसे? हे कोणीतरी जुळवलेलं वाटतं.

आस्तिकांच्या भात्यातला हाच सर्वात चांगला बाण, आणि गंमत म्हणजे तो दिला हॉइल यांनी. ताऱ्यांत तीन हेलियम केंद्रकांपासून कार्बन बनायचा तर कार्बनच्या केंद्रकात एका विशिष्ट ऊर्जेची पातळी हवी, असं त्यांनी १९५३ मध्ये सांगितलं. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत मोजलं, आणि ती ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास सापडली. ती तिथे नसती तर कार्बन नाममात्र झाला असता आणि आपण नसतो. या प्रकाराने हॉइल स्वतः हादरले. कोणा महाबुद्धीने भौतिकशास्त्राशी खेळ केल्यासारखं वाटतं, असं त्यांनी पुढे लिहिलं.

दुसरी बाजू अशी की विश्वं अनेक असतील आणि प्रत्येकात स्थिरांक वेगळे असतील, तर जिथे जगता येतं तिथेच प्रश्न विचारणारे असणार. अडचण एवढीच की ती इतर विश्वं दिसत नाहीत. देवही दिसत नाही. इथे माझा कल अनेक विश्वांकडेही नाही. स्थिरांक स्वतंत्रपणे बदलू शकतात का, हेच आधी ठाऊक नसताना ‘जुळवलं’ म्हणणं मला घाईचं वाटतं.

विज्ञान रोज बदलतं. जेम्स वेब दुर्बिणीने महास्फोट खोटा ठरवला ना?

नाही. डिसेंबर २०२१ मध्ये झेपावलेल्या या दुर्बिणीला महास्फोटानंतर अवघ्या ३० कोटी वर्षांच्या आतल्या तेजस्वी दीर्घिका दिसल्या. त्या अपेक्षेपेक्षा लवकर वाढल्या. म्हणजे ताऱ्यांच्या निर्मितीबद्दलचे आडाखे सुधारायला हवेत. विश्व तप्त होतं आणि प्रसरण पावलं, याला त्याने धक्का बसत नाही. खरी डोकेदुखी आहे ती प्रसरणाच्या वेगाची. सूक्ष्मलहरी प्रारणावरून तो मेगापार्सेकमागे (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांमागे) सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर येतो, जवळच्या ताऱ्यांवरून आणि अतिनवताऱ्यांवरून मोजला तर ७३ च्या आसपास. हे कोडं सुटलेलं नाही.

बदलतं हे खरंच. कोणतं निरीक्षण आलं तर आपण हरलो, हे हॉइल यांच्या सिद्धांताला सांगता येत होतं. ते निरीक्षण आलं आणि सिद्धांत मागे पडला. श्रद्धेकडून कोणी अशी अट घालून घेत नाही, आणि श्रद्धा ठेवणाऱ्याला ती नकोही असते. म्हणूनच तिने वैज्ञानिक प्रमाणपत्राच्या मागे लागू नये.

देव मानणारा माणूस चांगला विश्वशास्त्रज्ञ होऊ शकतो?

लमेत्र झाले. १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अब्दुस सलाम, स्टीव्हन वाइनबर्ग आणि शेल्डन ग्लॅशो यांना मिळालं. सलाम निष्ठावंत मुसलमान, वाइनबर्ग ठाम नास्तिक. समीकरण एकच.

हे काम आपल्याकडे कुठे चालतं? पाहायला मिळतं का?

पुण्यात आयुका हे खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठीय केंद्र आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली, नारळीकर तिचे संस्थापक-संचालक. २०१७ मध्ये इथल्या आणि पुण्याच्याच आयसर या विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह शोधला. नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. प्राचीन विश्वातल्या हायड्रोजनचे क्षीण संकेत टिपणं हा तिच्या मूळ उद्दिष्टांपैकी एक होता. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, दोन्ही ठिकाणी लोकांसाठी कार्यक्रम असतात आणि शाळांच्या सहलींची झुंबड उडते. खोडदला जाणार असाल तर मोबाइल बंद ठेवा, त्याच्या लहरींनी निरीक्षणात अडथळा येतो.